केसराक्कानं सोडवलेलं चाक

फार फार वर्षं झाली. पाचवाकणीच्या घाटात तेव्हा डांबर नव्हतं, लाल मातीचा रस्ता होता, आणि दिवसातून एकच सर्व्हिस मोटार माणसं घेऊन घाट चढून जायची. त्या काळी चौथ्या वाकणावर, म्हणजे चौथ्या वळणावर, केसराक्का घिसाडीण राहायची.

ती इथली नव्हती. घिसाड्यांचा तांडा गाढवांवर भाता आणि ऐरण लादून घाट चढत होता, तेव्हा तिचा नवरा तापानं गेला. तांडा तीन दिवस थांबला आणि पुढे निघाला. केसराक्का मात्र निघेना. "माझा मानूस हितं हाय. मी आता हितलीच," ती म्हणाली. तिनं वाकणावर ऐरण रोवली, चार कुडाच्या भिंती उभ्या केल्या आणि बैलगाड्यांची कामं घेऊ लागली.

असं म्हणतात, की तिचा घण उचलायला दोन गडी लागायचे, आणि ती तो एका हातानं फिरवायची. पण नवल ते नव्हतं. नवल हे, की आसाला धरून बसलेलं चाक सोडवताना ती घण हातातच घेत नसे. चाकाला कान लावायची, ऐकत बसायची, मग काहीतरी पुटपुटायची. थोड्या वेळानं चाक सुटायचं. ती काय बोलते हे ऐकायला लोक मुद्दाम जवळ जाऊन उभे राहायचे. ऐकू कुणालाच आलं नाही.

एका चैत्रात काय झालं, भरदुपारी ड्रायव्हर दाऊदभाई ती सर्व्हिस मोटार घेऊन घाट चढत होते. आत एकवीस माणसं. मागच्या बाकांवर फळी टाकून तानू धनगराला निजवलं होतं. कड्यावरून पडून त्याची मांडी मोडली होती, आणि त्याला वरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिसरं वाकण ओलांडलं आणि मागचं चाक फुस्सकन बसलं.

दाऊदभाईंनी जॅक लावला, नट काढले, स्टेपनी आणून ठेवली. पण चाक निघेना. दोन पावसाळ्यांत ते कधी उतरवलंच नव्हतं. गंजानं चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब एकजीव करून टाकले होते. त्यांनी लाथा घातल्या, दगडानं ठोकलं. चाक ढिम्म.

तेवढ्यात खालच्या दरीतून धूर दिसला. वणवा लागला होता. वाळलं गवत, खालून वर येणारा वारा. बघता बघता आगीनं दुसरं वाकण गिळलं. मागे जायला वाट उरली नाही. पुढे अर्धा कोस उघडा चढ, आणि चढावर वणवा माणसापेक्षा जोरात पळतो हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मोटार चालली तरच सुटका होती.

ठोकाठोकी ऐकून केसराक्का उतरून आली. खांद्यावर घण होता. लोकांना धीर आला. पण तिनं घण बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर बसून चाकाला कान लावला.

"अक्का, ही बैलगाडी नाही," दाऊदभाई ओरडले. "घाल घाव!"

"घाव घातला तर तुटंल. सुटायचं न्हाई," ती म्हणाली. "नट परत बसव. पर आवळू नको. दोन फेरं ढिलं ठेव."

"काढलेले परत बसवू?"

"बसव. आन् जॅक काढ. समदी मानसं गाडीत घाल."

आता मात्र कुणी हलेना. आग येतेय आणि ही बाई गाडीत बसा म्हणते! एका म्हातारीनं तर पदर तोंडाला लावून रडायलाच सुरुवात केली. तेव्हा आतून, फळीवरून, तानू धनगर बोलला, "मी हायच की आत. या."

त्याच्या त्या दोन शब्दांनी माणसं चढली. असं म्हणतात, की सगळ्यांत आधी ती म्हातारीच चढली.

केसराक्का चाकापाशी बसून राहिली. तिनं हब दोन्ही तळव्यांत धरला आणि काहीतरी पुटपुटली. मग मागे सरून ओरडली, "हातभर फुडं घे! दाब बिरेक! आता हातभर मागं!"

मोटार पुढे गेली, थबकली. मागे आली, थबकली. ठिणग्या टपावर पडू लागल्या. तिसऱ्या खेपेला कडाड असा आवाज झाला. असं म्हणतात, की तो सात गावांत ऐकू गेला आणि समोरच्या कड्याची कपार त्यानंच फाटली. एकवीस माणसांच्या भारानं गंज मोडला होता.

जॅक लागला, नट निघाले, आणि चाक पिकल्या फणसासारखं केसराक्काच्या ओंजळीत उतरलं. स्टेपनी चढली. केसराक्का पायरीवर उभी राहिली आणि मोटार माथ्यावर पोचली. वळून बघितलं तर चौथं वाकण पेटलं होतं. तिची झोपडी, भाता, सगळं.

तिनं पदरानं तोंडावरची राख पुसली. मग दाऊदभाईंकडे वळून म्हणाली, "बाकीची तीन चाकंबी आजच उतरव. न्हाईतर मी उतरवीन."

पाचवाकणी गावानं तिला माथ्यावर नवी भट्टी बांधून दिली. पुढे लांबलांबून ट्रकवाले येऊ लागले. कुणी सांगतं, चाकाला ती म्हणायची, 'दमलास, आता सोड.' कुणी सांगतं, ती नवऱ्याचं नाव घ्यायची. तानू धनगर लंगडत का होईना, पण पुढे पंचवीस वर्षं मेंढरं राखून जगला. तो म्हणायचा, "ती काय बोलायची न्हाई, इचारायची." काय विचारायची, ते त्यानं कधी सांगितलं नाही. ती गेली त्या दिवशी घाटातलं प्रत्येक उभं चाक आपोआप अर्धा फेरा फिरलं, असं म्हणतात.

आजही पाडव्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी पाचवाकणीत चाकमोकळी असते. ट्रॅक्टर, रिक्षा, सायकली, शाळेची बस, अगदी पोरांचे पांगुळगाडेसुद्धा, सगळ्यांची चाकं उतरवतात. गंज घासतात, ग्रीसचं बोट फिरवतात, पुन्हा बसवतात. पहिलं चाक काढायचा मान त्या वर्षी बाहेरून गावात राहायला आलेल्या बाईचा. कुठलंही चाक अडलं तरी त्या दिवशी हातोडा कुणी उचलत नाही. दुपारपर्यंत गावातून एकही गाडी हलत नाही. चुकून एखादा पाहुणा आला, तर त्याच्याही गाडीची चाकं काढून ठेवतात. तो आधी घाबरतो, भांडतो, आणि मग बाह्या सरसावून सगळ्यांबरोबर मातीत बसतो.