आत्याच्या मागचा खांब

डोंगरांच्या मधोमध एक तळं होतं आणि तळ्याच्या काठी एक गाव होतं. त्या गावात फोटो काढायचं वेड लागलेली काही माणसं राहत होती. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी नुसतेच निवृत्त. दर रविवारी सकाळी ती वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायची, एकमेकांचे फोटो पडद्यावर बघायची आणि चहा पिऊन घरी जायची.

त्यांच्या या मंडळात दमयंती नावाची एक बाई होती. शाळेत गाणं शिकवायची, पण स्वभावाने फार भित्री. नवीन असताना तिने एकदा आपला फोटो दाखवला, तेव्हा कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं की यात बघण्यासारखं आहे तरी काय. दमयंतीने हसून वेळ मारून नेली. पण पुढे कितीतरी महिने तिचा कॅमेरा कपाटातून बाहेर आला नाही. शेवटी मंडळातला सगळ्यात जाणता माणूस, यशोधर, तिच्या घरी गेला. त्याने तिची समजूत काढली, कॅमेरा कसा धरायचा इथपासून पुन्हा शिकवलं आणि तिला परत आणलं. त्यानंतर सगळ्यांनी मिळून ठरवलं की इथे यापुढे फक्त चांगलंच बोलायचं.

तेव्हापासून रविवार फार गोड झाले. कुठलाही फोटो लागला की 'सुंदर', 'अप्रतिम'. कुणाचं मन दुखत नव्हतं. फोटोही कुणाचे सुधारत नव्हते, पण ते कोण बोलणार?

त्या वर्षी गावच्या जत्रेत मंडळाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. दारातच एक फोटो माणसाच्या उंचीएवढा मोठा करून लावायचा होता आणि तो मान यशोधरला मिळाला. त्याने आपल्या आत्याचा फोटो आणला. त्याची आई लवकर गेली, तेव्हापासून या आत्यानेच त्याला वाढवलं होतं. घरापुढच्या ओट्यावर बसलेली आत्या, चेहऱ्यावर मावळतीचं ऊन, आणि नुकतंच काहीतरी खोडकर बोलल्यासारखं ओठांवर हसू.

खोलीत टाळ्या पडल्या. दमयंतीनेही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता तिचे हात थांबले. आत्याच्या बरोबर मागे रस्त्यावरचा विजेचा खांब आला होता. तो थेट तिच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता, आणि वरच्या आडव्या पट्टीची टोकं दोन्ही बाजूंना शिंगांसारखी निघाली होती. एकदा ते दिसलं आणि मग दुसरं काही दिसेना.

तिने इकडेतिकडे पाहिलं. सगळे माना डोलवत होते. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, फार छान आहे. आपलाच आवाज तिला परका वाटला.

दुपारी तिला घास जाईना. एवढा मोठा फोटो लागणार, जत्रेतली पोरं बोट दाखवणार, आणि म्हातारी तिथेच उभी असणार. मग वाटायचं, इतक्या जणांना दिसलं नाही ते आपल्यालाच कसं दिसलं? ज्यांनी आपल्याला कॅमेरा धरायला शिकवलं त्यांना आपण काय सांगायचं? आणि सांगितल्यावर तेही कॅमेरा कपाटात टाकून बसले तर? पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने फोटो छपाईसाठी तालुक्याला जाणार होता. संध्याकाळी तिने चपला घातल्या. अर्ध्या वाटेतून ती परत फिरली, दारापर्यंत आली आणि पुन्हा निघाली.

यशोधर आपल्या घरापुढच्या ओट्यावरच बसला होता. त्याने चहा मागवला. दमयंतीच्या हातातला कप निवून गेला तरी तिला तोंड उघडवेना. अखेर तिने एका दमात सांगून टाकलं.

"यशोधरराव, आत्यांचं हसू तुम्ही असं टिपलंय की मला ते कधी जमेल असं वाटत नाही. म्हणूनच सांगते. त्यांच्या मागे खांब आलाय. तो डोक्यातून निघाल्यासारखा दिसतो. लोक हसू बघायचं सोडून खांब बघतील."

यशोधरने मोबाइलवर तो फोटो उघडून पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला. "सकाळी तर सगळ्यांसमोर छान म्हणालात."

"घाबरले होते," दमयंती म्हणाली. "आत्ताही घाबरलेच आहे."

तो कोरडेपणाने म्हणाला की सगळ्या मंडळाला फोटो आवडलाय, आणि तसं ऊन काही पुन्हा मिळत नाही. मग तो उठून आत गेला, तो बाहेर आलाच नाही. बराच वेळ वाट पाहून दमयंतीने कप खाली ठेवला आणि ती निघून आली.

पुढच्या रविवारी ती वाचनालयात गेली नाही. बाजारात यशोधर समोरून आला आणि मान खाली घालून निघून गेला.  चांगला माणूस आपण आपल्या हाताने तोडला, गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं, असं दमयंतीला वाटत राहिलं.

जत्रेच्या दिवशी जावं की नाही, याच विचारात तिची सकाळ गेली. शेवटी ती गेली आणि दाराशी आल्यावर तिने भीतभीत मान वर केली. ओटा तोच, आत्या तीच. पण आत्या आता दुसऱ्या अंगाला बसली होती आणि मागे होती फक्त घराची मातकट भिंत. पहिल्या फोटोतलं ऊन यात नव्हतं. तरी लोक थांबत होते, बघत होते आणि स्वतःशीच हसत होते. फोटोशेजारी नवीन नऊवारी नेसून खुद्द आत्या उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की ही मीच.

यशोधर गर्दीतून वाट काढत दमयंतीजवळ आला.

"त्या दिवशी मी रागानेच आत गेलो, ताई," तो म्हणाला. "आत्याला फोटो दाखवला आणि म्हटलं, तूच सांग, काय वाईट आहे यात? गुडघे दुखतात, जत्रेला येणार नाही, असं ती म्हणत होती. तेव्हा खरं कारण कळलं. म्हणाली, 'शिंगं मला पहिल्याच दिवशी दिसली होती रे. लोक हसतील म्हणून मी घरी बसणार होते. पण तू इतका खूश होतास.'"

त्याने फोटोशेजारच्या आत्याकडे पाहिलं. "माझ्यापायी ती घरात लपून बसणार होती. आणि मी राग धरला तुमच्यावर. तो फोटो छपाईला पाठवायचा थांबवून मी नवा काढला, पण बाजारात तुमच्याकडे बघायची लाज वाटली."

त्यानंतरच्या रविवारी यशोधरने सगळी हकिकत मंडळाला सांगितली. दोघातिघांनी खाली बघत कबूल केलं की खांब त्यांनाही दिसला होता. मग दमयंतीने तळ्यातल्या होडीचा आपला एक फोटो पडद्यावर लावायला सांगितला आणि यात काय खटकतं ते विचारलं.  एक बाई जपून म्हणाल्या की होडी गोड आहे, पण वरचं अर्धं आभाळ उगाच आलंय. दमयंतीचे कान तापले. क्षणभर तिला तिथून उठून जावंसं वाटलं.

"मग कुठे उभं राहून काढायला हवा होता?" तिने विचारलं.

सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: आपल्या माणसाची चूक दिसली तर कौतुकाच्या आड लपू नये, ती मायेने सांगावी, आणि ती सांगायला कुणी भीतभीत आपल्या दारी आलं, तर त्याला ओट्यावर एकटं सोडून आत जाऊ नये.