टोक धरणारा धनी

पूर्वी शूर्पारक बंदरात सिंहबल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका दोरखान्याचे कारभारी होऊन जन्मले. तिथं काथ्या कुटून गलबतांचे दोर वळत. कामाला बहुतेक बायकाच. धनी होता श्रेष्ठी महाकोश. माणूस दुष्ट नव्हता, पण अंगाला काथ्या लागेल म्हणून दोरखान्यात पाय ठेवणं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

दोरखान्याची रीत अशी, की हंगामाच्या पहिल्या दोराचं टोक धन्यानं धरायचं. महाकोशच्या बापानं ते जन्मभर धरलं. महाकोशनं त्या जागी खांब रोवला. खांबाला बांधलेला पहिला दोर दर हंगामाला तुटे, आणि शिव्या खाव्या लागत बायकांना.

एके दिवशी त्याच्या कानावर आलं, की बायका श्रेणी बांधणार. म्हणजे यापुढं धन्याशी जे ठरवायचं ते एकेकीनं नाही, सगळ्यांनी मिळून. त्याचं पित्त खवळलं. त्यानं बोधिसत्त्वांना बोलावलं.

"पुढारीण कोण, तेवढं नाव सांग. तिला हाकलली की बाकीच्या गप बसतील. तुला धंद्यात भागी देतो. नाही सांगितलंस, तर तूही चालता हो."

बोधिसत्त्वांना नाव ठाऊक होतं. खेमी. तोंडानं फटकळ, पण तिच्या हातावर घरातली चार तोंडं जगत होती. त्यांनी नकारार्थी मान हलवली, उठून थेट बायकांमध्ये गेले आणि धनी काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगून टाकलं.

"नाव मी देणार नाही," ते म्हणाले. "पण मी तुम्हांला कधी वाईट वागवलं का? मग श्रेणी कशाला?" खरं तर त्यांना जरा लागलंच होतं.

खेमीनं काथ्या कुटायची मोगरी खाली ठेवली. "दादा, तुम्ही चांगले आहात, कोण नाही म्हणतंय? चेती बाळंत झाली, तिची जागा तुम्ही राखलीत. पुढं तुम्ही तापानं पडलात, त्याच वेळी सुभगाआजी आजारी पडली, तर तिची जागा गेली. आता तुम्हांला ताप येऊ नये म्हणून आम्ही रोज नवस बोलत बसायचं का?"

सगळ्या हसल्या. बोधिसत्त्वही हसले, आणि हसता हसता त्यांना पटलं. "बांधा श्रेणी," ते म्हणाले.

"आणि नाव पाहिजे ना धन्याला? मी सांगते," खेमी म्हणाली. "उद्या पहिला दोर आहे. टोक धरायला या म्हणावं, आणि इथं विचारा."

बोधिसत्त्वांनी धन्याला निरोप दिला आणि वर म्हणाले, "तिला काढलीत, तर तिच्या मागोमाग मीही जाईन. भागी तुम्हांलाच लखलाभ."

महाकोश आला, तो फुरफुरतच. टोक धरलं, पाय रोवले. पलीकडे बायकांनी पिळाचं चाक फिरवायला घेतलं. दोराला पीळ चढला, दोर आखडू लागला.

"धनी, पुढं या!" बोधिसत्त्व ओरडले.

"मी का येऊ? त्यांना येऊ दे!"

चाक कुठं चालत येतं का? दोर करकरला, आणि धनी उताणा नाही, पालथा, थेट काथ्याच्या ढिगात. उठला तेव्हा दाढीमिशांसकट न सोललेला नारळ दिसत होता.

"अगं बाई, मोगरी आण," चेती म्हणाली, "हाही कुटायचा राहिलाय!"

हशा उसळला. महाकोश लाल झाला. पण हातात दोर होता, आणि दोराबरोबर बापाचा आवाज आठवला: 'पोरा, दोर आखडला की टोक धरणाऱ्यानं पुढं यायचं, नाहीतर तुटतो.' त्यानं टोक पुन्हा घट्ट धरलं. पीळ चढेल तसा एकेक पाऊल पुढं सरकत राहिला. दोर पुरा झाला तेव्हा तो चाकापासून हाकेच्याही अलीकडे, दोरावरून पीळ चाचपत आलेल्या खेमीच्या अगदी समोर उभा होता. खाऱ्या पाण्यानं फाटलेले तिचे तळवे त्याला दिसले.

"तुझं नाव काय गं?"

"तुम्ही कारभाऱ्यांना विचारत होता ना, तेच. खेमी."

चाक थांबलं. महाकोशनं तिच्या हातांकडे पाहिलं, मग आपल्या. आणि असा हसला, की दाढीतला काथ्या झडला.

"खेमीबाई, आधी हा दोर माझ्या हातातून घ्या. सोडला तर सगळा पीळ उलगडेल. मग तुमच्या श्रेणीशी बोलू."

श्रेणी झाली. सुभगाआजीची जागा परत मिळाली. तो खांब बायकांनी उपटला, फोडला, आणि त्याच्याच लाकडांवर नारळाच्या दुधातली खीर शिजली. धन्यानं दोनदा मागून खाल्ली.

एवढं सांगून शास्ते, भगवान बुद्ध, विहारातल्या सभेला म्हणाले, "तेव्हाचा महाकोश म्हणजे सेवकांवर रुसून दार लावून बसणारा हा आपला कोठारपाल. खेमी म्हणजे भर सभेत त्याला जाब विचारणारी ही उपासिका. कारभारी होता तो मी."

कोठारपाल खाली पाहत राहिला. मग उठला आणि उपासिकेच्या दिशेनं चार पावलं चालत गेला.

"हीच मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता," शास्ते म्हणाले.