गंधाचा ठिपका

“मग ते कोणाचं ऐकतंय?” माईंनी विचारलं.

निःसंगने लॅपटॉपवरून मान वर केली.

“कोणाचंच नाही, माई. माउस चालत नाही. पडद्याला बोट लावलं तरी ढिम्म. बंद करून पुन्हा सुरू केला, दुसरा माउस लावून पाहिला. सगळं करून झालं.”

“कोणाचंच ऐकत नाही म्हणतोस, आणि कोपऱ्यात ती चौकट सारखी उघडतेय.”

“ती आपोआप उघडतेय.”

“आपोआप...” माई म्हणाल्या आणि पुन्हा वाती वळू लागल्या.

खंडेनवमीची दुपार होती. नदीकाठच्या माईंच्या त्या लहानशा मठात सकाळीच अवजारांची पूजा झाली होती. कोयता, खोरं, विळी, आणि त्यांच्या पंगतीला मठाचा हा एकुलता एक लॅपटॉप.

निःसंग हे नाव त्याला कुणी दिलं नव्हतं. मठात आल्या आल्या ते त्याने स्वतःच घेतलं. चांगली संगणकातली नोकरी सोडली, घर सोडलं, फोन तर मोठ्या थाटात नदीत सोडला. आईला मात्र काही न सांगताच तो निघून आला होता. उद्या दसरा. उद्या त्याला दीक्षा हवी होती, आणि माईंची अट एकच होती. आईला सांग, तिचा होकार घे, मग ये.

आईला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, वाचताही येत नाही. तिच्याशी बोलायचं ते समोरासमोर, हातांनी. म्हणून गावाकडे शेजारची कुसुम तिला आपल्या फोनसमोर बसवणार होती. आणि इथे पडदा हटून बसला होता.

रिंग वाजू लागली. पडद्यावर हिरवं बटण आलं. निःसंगने त्यावर बोट ठेवलं. दाबलं. पुन्हा दाबलं.

काही नाही. रिंग थांबली.

“योगच नाही म्हणायचा,” तो म्हणाला. आवाजात सुटका होती, आणि ती त्याची त्यालाच ऐकू आली. “मी प्रयत्न केला, माई. आता ती अट...”

“पुन्हा वाजेल,” माई म्हणाल्या. “आई आहे ती.”

त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. चौकट मिटली, पुन्हा उघडली. दर वेळी त्याच कोपऱ्यात.

तो खाली वाकला. त्या कोपऱ्यात, काचेवरच, सकाळी त्याने लावलेला अष्टगंधाचा ठिपका होता. बाकीच्यांनी आपापल्या अवजाराला जरासं बोट टेकवलं होतं. याने भक्ती दिसावी म्हणून चांगला ओला गोळा थापला होता. तो अजून वाळला नव्हता.

“हा ओला आहे, माई.” त्याचा चेहरा उजळला. “पडद्याला वाटतंय, कुणीतरी बोट ठेवलंय आणि उचलतच नाही. म्हणून त्याला दुसऱ्या कुणाचा हात कळत नाही. माउसचंही तो ऐकत नाही.”

“मग पूस.”

त्याचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला.

“पूजेतलं आहे. उद्या उत्तरपूजा व्हायच्या आधी कसं पुसू? पाप लागेल.”

“लागलं तर मला लागेल.”

माई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. अंगावरच्या छाटीचं टोक कमंडलूत भिजवलं आणि काच स्वच्छ होईपर्यंत कोपरा पुसून काढला.

रिंग पुन्हा वाजली. त्याने बोट टेकवलं, आणि लगेच समोर आई दिसली.

काय सांगायचं ते त्याने पाठ करून ठेवलं होतं. हात छातीशी न्यायचा, मग दूर. मी चाललो, कायमचा. पण आई त्याच्या हातांकडे बघतच नव्हती. ती बघत होती वाढलेल्या दाढीकडे, खांद्यावर आलेल्या केसांकडे, कपाळभर फासलेल्या गंधाकडे.

ती कुसुमकडे वळली. आपल्या डाव्या भुवईच्या वर बोट टेकवलं आणि भुवया उंचावल्या. पुन्हा तेच केलं.

“दादा, काकूंना ओळख पटेना बघा,” कुसुमचा आवाज आला. “सारख्या कपाळाला बोट लावतायत.”

“काय म्हणतेय ती?” माईंनी विचारलं.

“...माझं नाव आहे ते.”

माईंनी त्याच्या गंधाने माखलेल्या कपाळाकडे पाहिलं.

“लहानपणी उखळावर पडलो होतो. कपाळाला खोक पडली, व्रण राहिला. तेव्हापासून तिथे बोट लावलं की तो मी.”

“मग ओ दे.”

“ते नाव मी सोडलं, माई.”

त्याने मांडीवर हात घट्ट जोडून धरले. त्याला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही येत होता.

आईने पुन्हा एकदा कपाळाला बोट लावलं. या वेळी अगदी सावकाश. मग तिने मान हलवली, जमिनीला हात टेकला आणि ती उठू लागली.

माई पुढे झाल्या. छाटीचं तेच टोक, मघाच्या गंधाने केशरी झालेलं, त्यांनी निःसंगच्या कपाळावर टेकवलं आणि काच पुसली तितक्याच निगुतीने कपाळ पुसलं.

भुवईच्या वर पांढरट व्रण उघडा पडला.

पडद्यावर आई अर्धी उठलेली होती. ती तशीच थबकली, मग मटकन खाली बसली. तिचं बोट पुढे आलं, जवळ आलं, आणखी जवळ आलं. सगळा पडदा त्या बोटाने भरून गेला.

निःसंगचे जोडलेले हात सुटले. एक बोट त्याने आपल्या व्रणावर ठेवलं.



“माई...” मागे न वळता त्याने विचारलं, “आणि उद्या?”

माई पुन्हा वाती वळायला बसल्या होत्या.

“आधी तिचा हात पोचू दे.”