दगडाची नाडी

फार फार जुन्या काळची गोष्ट सांगतो. लहानांनी मुकाट ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी. तेव्हा रोग कळायचा तो मनगटावर ठेवलेल्या तीन बोटांना, आणि वैद्याचा शब्द म्हणजे देवाचा शब्द असे.

नदीच्या वळणावर एक नगर होतं. त्या नगरात एक वैद्य राहत असे. गुरूच्या घरी खल घोटून घोटून तो शिकला होता. त्या गुरुघराण्याची एक रीत होती. रोग्याच्या घरी गेलं की लगेच आत शिरायचं नाही. ओट्यावर घोंगडी पसरलेली असायची, तिच्यावर डोळे मिटून बसायचं. श्वास नुसता येताजाताना बघायचा. मनातला कालवा निवला की मग उंबरा ओलांडायचा. आत कुणी कितीही विव्हळो, ही बैठक चुकवायची नाही. लोकांनाही हे ठाऊक होतं. वैद्याला बोलावणं धाडलं की घरचं माणूस आधी घोंगडी झटकायला घेई.

पुढे राजाच्या आईला या वैद्याच्या हातून गुण आला. राजानं त्याला राजवैद्य केलं, दारात पालखी आली. पालखीतून सुख येतं असं तुम्हाला वाटत असेल, तर वाटो बापडं. त्याच्या पालखीतून आली ती धास्ती. उद्या राजवाड्यात कुणाचं काही बिघडलं तर? दरबारातले जुने वैद्य टपूनच बसलेत, आपला हात चुकला तर? घास तोंडात फिरू लागला. झोपेचं तर नावच नको. छातीत सदा धडधड.

त्यात दारात रोग्यांची ही रीघ! शेवटी त्यानं बैठकच सोडली. बायकोला म्हणाला, "लोक आत तळमळतायत आणि मी ओट्यावर डोळे मिटून बसू? शोभतं का ते?" लोकांनीही वाहवा केली. "काय तत्परता हो! पालखीतून पाय खाली, की हात मनगटावर!"

अशा धडधडत्या छातीनं तो नाड्या बघू लागला आणि त्याला एक विपरीतच दिसलं. ज्याची बघावी त्याची नाडी बेडकासारखी उड्या मारत होती. पाय मुरगळलेल्याची तशीच, दाढ दुखणाऱ्याची तशीच. नाडी अशी उडाली की अंगात उष्णता भडकली असं समजायचं, हे तो शिकला होता. म्हणून त्यानं सगळ्यांना एकच उपाय सांगितला. अन्न बंद, आणि वर वाळ्याचा थंड काढा.

वेशीजवळ एक म्हातारी कुंभारीण राहत असे. तिच्या पाठीत उसण भरली म्हणून मुलानं वैद्याला बोलावलं. रीतीप्रमाणे त्यानं ओट्यावर घोंगडी घातली होती. वैद्य तिच्यावरून तसाच चालत आत गेला. नाडी पाहून म्हणाला, "अन्न बंद करा."

म्हातारी म्हणाली, "वैद्यबुवा, दुखतंय ते पाठीत. पोट बरं आहे माझं. भूक लागते हो मला."

"नगरात साथ आली आहे आजी. माझं ऐका."

म्हातारीनं ऐकलं. अमावास्येला वैद्य येऊन गेला होता. पौर्णिमा काही तिनं पाहिली नाही.

वैद्याला बातमी कळली. तो तडक राजाकडे गेला. "महाराज, घातकी साथ आहे. पहिला बळी गेला." झालं! वेशी बंद, बाजार बंद. घरोघर चुली विझल्या आणि काढ्याची भांडी भरली. माणसं भिंतीला धरून चालू लागली. ती जितकी खंगत, तितकी वैद्याची खात्री पटे आणि तितकी त्याची धडधड वाढे. खोटेपणा नव्हता हो त्याच्यात. जीव तोडून राबत होता बिचारा.

मग एके सकाळी त्याची एकुलती एक पोर, गोदू, शिंकली. वैद्यानं तिचं मनगट धरलं. तीच उडी! त्यानं स्वतःच्या लेकीचंही अन्न तोडलं. पोर दिवसागणिक सुकत गेली. अखेर ती हाकेला ओ देईना, तेव्हा त्यानं राजाच्या परवानगीनं वेस उघडवली आणि आपल्या म्हाताऱ्या गुरूला बोलावून आणलं.

गुरुजी आले आणि ओट्यावर मांडी घालून बसले. त्यांनी डोळे मिटले.

"गुरुजी, बसताय काय! पोर हातची चाललीय माझी!"

गुरुजींनी सावकाश डोळे उघडले. आपला हात पुढे केला. "माझी नाडी बघ."

वैद्यानं बोटं ठेवली आणि त्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, तुम्हालाही साथ लागली!"

ओट्यावर काढा कुटायचा दगडी बत्ता पडला होता. गुरुजींनी तो उचलून त्याच्यापुढे धरला. "आता याची बघ."

"ही काय थट्टेची वेळ आहे?"

"थट्टा नव्हे. तीन बोटं ठेव, नेहमीसारखी दाबून. डोळे मीट."

वैद्यानं बोटं ठेवली. गार दगड. आणि त्या दगडात, बेडकासारखी, टपटप उडणारी नाडी!

"काय रे," गुरुजी म्हणाले, "दगडालाही ताप आला का?"

वैद्याच्या हातून बत्ता सुटला. बोटांत उडत होतं ते त्याचं स्वतःचंच काळीज होतं. सगळ्या नगराच्या मनगटांवर त्यानं आपलीच धास्ती मोजली होती. "म्हणजे साथ नव्हतीच," तो पुटपुटला. "मग ती कुंभारीण... अरे देवा! भूक लागते म्हणत होती हो ती!" त्यानं कपाळ बडवून घेतलं.

"ते रडणं आयुष्यभर पुरेल. आधी बस," गुरुजी म्हणाले. "दगड दगडासारखा लागला की मग पोरीकडे जा."

तो बसला. पण मन कसलं बसतंय! कुंभारीण दिसे, राजा दिसे. आतून बायकोची हाक आली, "अहो, या ना लवकर! डोळे उघडत नाही ती!" तो ताडकन उठला.

"जा," गुरुजी म्हणाले. "पण दगडाला आला तोच ताप पोरीला सांगशील."

वैद्य मटकन खाली बसला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "गुरुजी, जमत नाही हो."

"जमवायचं काही नाही. श्वास आत येतो, येऊ दे. बाहेर जातो, जाऊ दे. गाय गोठ्यात आपल्या पायांनी येते, तिला हाकलू नकोस. मन भटकलं की रागवायचं नाही, परत श्वासाशी आणायचं."

मन भटकलं. त्यानं परत आणलं. पुन्हा भटकलं, पुन्हा आणलं. हळूहळू खांदे खाली आले, दातांची मिठी सुटली. त्यानं बत्त्यावर बोटं ठेवली. दगड गार होता, आणि मुका होता.

मग तो आत गेला. लेकीचं मनगट हातात घेतलं. नाडी सुतासारखी बारीक, मंद चालत होती. उष्णतेचा मागमूस नव्हता. पोर नुसती भुकेली होती. "पेज कर," तो बायकोला म्हणाला. "पातळ कर, मीठ घाल." चमच्या-चमच्यानं ती पेज गोदूच्या घशाखाली उतरली. दिवस कलताना तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबा, अजून."

वैद्यानं राजापुढे जाऊन सगळं कबूल केलं. वेशी उघडल्या, चुली पेटल्या. पालखी गेली, राजवैद्यपद गेलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. मग तो कुंभाराच्या दारी गेला. "साथ नव्हती रे," तो म्हणाला. "तुझी आई माझ्या हातून गेली." कुंभारानं चाकावरून मान वर केली नाही. वैद्य तसाच परतला.

वर्षं गेली. वैद्य पायी हिंडे, दर ओट्यावर बसे, मगच आत जाई. एके दिवशी कुंभाराकडून निरोप आला, त्याचं मूल तापानं फणफणलं होतं. वैद्य दाराशी पोचला. कुंभार बाहेर आला. त्याच्या हातात तीच जुनी घोंगडी होती. ती त्यानं झटकून ओट्यावर पसरली.

"बसा," तो म्हणाला. "आईच्या वेळी बसला नाहीत. आज बसा. मी थांबतो."

वैद्य बसला. आत मूल कण्हत होतं. बापानं दाराच्या चौकटीला धरून वाट पाहिली, पण घाई केली नाही. वैद्यानं डोळे उघडले, उंबरा ओलांडला आणि त्या मुलाची नाडी पाहिली. ती त्या मुलाचीच होती. मूल बरं झालं.

तात्पर्य : अशांत मनाला सारं जग आजारी दिसतं, म्हणून दुसऱ्याच्या नाडीवर बोट ठेवण्याआधी घटकाभर बसून आपलं काळीज निववावं.