बाकाच्या टोकावरची जागा

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध क्रीडाशिक्षक राहत होते. गावच्या कॉलेजातल्या मुलींना ते बास्केटबॉल शिकवीत. त्यांचं नाव सांगत नाही, कारण गावही ते विसरून गेलं होतं. लहानथोर सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. निवृत्तीनंतरही ते रोज मैदानावर येत. अलीकडे मात्र खोकत येत. छातीचं दुखणं बळावलं होतं, आणि डॉक्टरांनी जे सांगायचं ते त्यांना स्पष्ट सांगून टाकलं होतं. गावाला त्यांनी याचा पत्ता लागू दिला नव्हता. ठाऊक होतं ते फक्त त्यांच्या शिष्याला.

हा शिष्य त्यांच्याच हाताखाली खेळून मोठा झालेला आणि आता त्यांचा मदतनीस. बुद्धीनं तल्लख, स्वभावानं उतावळा. सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसून तो नवेनवे डाव सुचवी, पण निर्णय सरांचा. “सर आहेत तोवर मला कसली चिंता,” असं तो ज्याला त्याला सांगे. सर नसतील तेव्हा काय, हा प्रश्न त्यानं मनाला कधी शिवू दिला नव्हता. आपण तरी कुठे शिवू देतो?

त्या संघात शर्वरी नावाची मुलगी होती. मैदानाच्या कडेनं धावत येऊन जी खेळाडू पास घेते, तिच्या जागेला विंग म्हणतात. उजवी विंग म्हणजे शर्वरी, हे इतकं पक्कं होतं की बाकीच्या चौघी न बघता चेंडू तिकडे भिरकावीत आणि तो बरोबर तिच्या हातात पडे. त्याच संघात प्रतीक्षा नावाची दुसरी मुलगी होती. तीही विंगच. शर्वरीबरोबरच कॉलेजात आलेली, तिच्याइतकाच घाम गाळलेली. पण तीन वर्षं ती बाकाच्या टोकाला, पाण्याच्या जारशेजारी बसून राहिली. दमून आलेल्या मुलीला पेला भरून द्यायचा, शर्वरीचा टॉवेल सांभाळायचा. पोरी थट्टा करीत, “अगं, तुझं नाव ठेवतानाच आत्याबाईंनी घोळ घातलाय!” प्रतीक्षा मैदानावर हसे. घरी गेल्यावर तिला हसू येत नसे. हे तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, आणि यंदा ती खेळली नाही तर पुन्हा कधीच खेळणार नव्हती.

अशात खेळाडूंच्या कोट्यातून शर्वरीला सरकारी नोकरी लागली. हंगाम अर्ध्यावर होता, पण रुजू होणं भाग होतं. जिल्ह्याची अंतिम मॅच खेळून ती जाणार, आणि पुढची विद्यापीठाची स्पर्धा तिच्यावाचून खेळायची, असं ठरलं.

आपल्याकडे माणूस जाणार म्हटलं की आधी फ्लेक्स छापतात. मॅचच्या आदल्या दिवशी निरोप समारंभ झाला. व्यासपीठामागे भलामोठा फ्लेक्स: ‘शर्वरीच्या जाण्याने संघात न भरून निघणारी पोकळी’. प्राचार्य तेच बोलले, नगरसेवक तेच बोलले, आणि माइक हातात आल्यावर शिष्यही तेच बोलला. खुर्च्या मांडायचं काम प्रतीक्षाकडे होतं. शेवटची खुर्ची मांडून ती त्याच फ्लेक्सखाली येऊन उभी राहिली. त्या पोकळीत उतरायचं ते हिनंच, ही गोष्ट एवढ्या मांडवात कुणाच्या ध्यानातही आली नाही. सरांच्या आली. ते पुटपुटले, “न भरून निघणारी म्हणे! आधी खड्डा खणायचा, मग त्यात पोरगी ढकलायची.”

शिष्याला वाटलं, आजारानं सर चिडचिडे झालेत.

दुसऱ्या दिवशी अंतिम मॅच. सगळं गाव लोटलं होतं. जिल्ह्याची ढाल कैक वर्षं या कॉलेजकडे होती, ती यंदाही राहणार याविषयी कुणाला शंका नव्हती. शर्वरी देहभान विसरून खेळत होती. शेवटचं सत्र सुरू झालं तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते, आणि नेमका त्याच वेळी सरांनी हात वर केला. शर्वरीला बाहेर बोलावलं.

“सर, मी दमले नाहीये,” ती धापा टाकत म्हणाली.

“ठाऊक आहे. इकडे ये. प्रतीक्षाच्या मागे उभी राहा. तिच्या पाठीवर हात ठेव आणि ‘खो’ म्हण.”

“काय म्हणू?”

“खो. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जायला हवं.”

प्रेक्षकांत हशा पिकला. बास्केटबॉलच्या मैदानात खो-खो! शर्वरीचे डोळे भरून आले. तिनं कसाबसा हात ठेवला आणि म्हणाली, “खो.” प्रतीक्षा उठली. शर्वरी बाकावरच्या आपल्या नेहमीच्या जागेकडे वळली तशी सरांनी तिला अडवलं. “तिथे नाही. ती उठली तिथे बस.” आणि जिल्ह्याची सर्वोत्तम खेळाडू बाकाच्या टोकाला, पाण्याच्या जारशेजारी जाऊन बसली.

पुढे जे व्हायचं ते झालं. चौघींनी सवयीनं चेंडू शर्वरीच्या अंदाजानं फेकला. प्रतीक्षा तिथवर पोचलीच नव्हती, चेंडू रेषेबाहेर. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चेंडू हातात आला, तर घाबरून तिनं तो प्रतिस्पर्ध्याच्याच हातात दिला. लोक ओरडू लागले, “अहो, शर्वरीला घ्या! म्हाताऱ्याला म्हातारचळ लागलाय!” सर हलले नाहीत. मॅच गेली, ढाल गेली.

प्राचार्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते सगळ्यांसमक्ष म्हणाले, “गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं! खेळाडू जाणारच होती, आता ढालही घालवलीत.” सरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. शर्वरीनं टॉवेल बाकावर फेकला. आजवर मैदान सोडताना ती सरांच्या पाया पडायची. त्या दिवशी त्यांच्याकडे न बघताच ती निघून गेली.

संध्याकाळी शिष्य तणतणत सरांच्या घरी गेला. सर ओसरीत उशीला टेकून बसले होते, श्वास लागलेला होता. शिष्यानं पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे केला नाही.

“सर, तुमच्यापुढे मी कधी तोंड वर करून बोललो नाही. आज बोलतो. तुम्ही तिची शेवटची मॅच हिरावून घेतलीत. आणि प्रतीक्षाला सगळ्या गावासमोर उघडं पाडलंत. याला शिकवणं म्हणतात?”

सरांनी हातानं समोरची चटई दाखवली. मग म्हणाले, “बस आधी. मी मूळचा खो-खोचा माणूस. तू पोरवयात खेळलायस ना खो-खो? मग सांग, बसलेला गडी आपणहून उठला तर काय होतं?”

“फाउल.”

“मग तो उठतो कसा?”

“पाठीमागून खो मिळाला की.”

“आणि खो देणारा? तो कुठे जातो? घरी? हार गळ्यात घालून?”

शिष्य हळूच म्हणाला, “उठणाऱ्याच्या जागी बसतो.”

“मग बघ. ती पोरगी तीन वर्षं बसून आहे. शर्वरी नुसती निघून गेली असती तर हिला खो दिला कुणी? कुणी नाही. ही आपणहून उठली असं झालं असतं, आणि जन्मभर ती चोरासारखी त्या जागेवर उभी राहिली असती. आणि शर्वरीचं म्हणशील, तर पाण्याच्या जारशेजारून मैदान कसं दिसतं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. बसल्याशिवाय जागा सुटत नाही, पोरा. नुसतं अंग निघून जातं.”

“पण आजच का, सर? सरावात करता आलं असतं.”

सरांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, “सरावात हरण्याला शिव्या पडत नाहीत. प्रतीक्षा पहिल्या मॅचला गडबडणार हे मला दिसत होतं. कुणीही गडबडेल. विद्यापीठाच्या स्पर्धेत ती गडबडली असती तर गाव म्हणालं असतं, शर्वरी असती तर जिंकलो असतो, या पोरीनं घालवलं. ते ओझं घेऊन ती उभी राहू शकली नसती. आज शर्वरी समोर बसली होती, तिला बसवणारा मी होतो. मग आज कुणी घालवलं? या म्हाताऱ्यानं! आजच्या शिव्या माझ्या नावावर जमा झाल्या. आता मला त्यांचं काय ओझं?”

शिष्यानं आता तांब्या उचलून त्यांच्यापुढे धरला.

“शर्वरीला मात्र दुखावलंय मी,” सर म्हणाले. “ते दुःख खरं आहे. ती मला क्षमा करील असं मी धरून चाललेलो नाही.”

विद्यापीठाच्या स्पर्धेला संघ परगावी गेला. प्रतीक्षा आता सावरली होती. चौघीही चेंडू फेकण्यापूर्वी तिच्याकडे बघू लागल्या होत्या. पहिली मॅच जिंकली. दुसऱ्या मॅचला शिष्य पाण्याची सोय बघून परतला, तर सर त्याच्या खुर्चीत बसलेले. सरांची स्वतःची मोठी खुर्ची रिकामी.

“सर, ही माझी खुर्ची.”

सर उठले, काठी टेकत त्याच्या मागे गेले. त्याच्या पाठीवर त्यांचा हात पडला. तोंडून आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले. पण शिष्याला ते ऐकू आलं.

“नको ना, सर. अजून नको,” तो म्हणाला.

सर पुन्हा त्याच्या खुर्चीत जाऊन बसले आणि मैदानाकडे पाहू लागले. शिष्याला मोठ्या खुर्चीत बसावं लागलं. त्या दिवशी एकही निर्णय त्यांनी दिला नाही. मुलींनी जिवाचं रान केलं. प्रतीक्षा तर पडत होती, गुडघे फोडून घेत होती, पुन्हा उठत होती. शेवटच्या मिनिटाला आपला संघ जेमतेम एका गुणानं पुढे होता. नुसती मागची फळी राखायची होती. पण शिष्याला मोह झाला आणि त्यानं सगळ्यांना पुढे चढवलं. मागे रान मोकळं राहिलं, प्रतिस्पर्धी मुलीनं तिथूनच बास्केट केली. एका बास्केटनं मॅच गेली. चूक शिष्याची, निखालस त्याचीच.

वार्ताहर जवळ आला. “शेवटचा डाव कुणाचा होता?”

शिष्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात सरांचा हात पुन्हा त्याच्या पाठीवर पडला. सर म्हणाले, “डाव माझा. चूक माझी. तसंच लिहा.”

तसंच छापून आलं. गावानं वाचलं आणि म्हटलं, म्हाताऱ्यानं आता घरी बसावं. म्हातारा घरी बसला, आणि काही दिवसांतच गेला.

कॉलेजात शोकसभा ठरली. शिष्य सभागृहात आला तर व्यासपीठामागे फ्लेक्स लागलेला. फोटो सरांचा, ओळ तीच: ‘सरांच्या जाण्याने न भरून निघणारी पोकळी’. शिष्य स्टूल घेऊन वर चढला आणि दोऱ्या सोडू लागला.

“अहो, हे काय चालवलंय?” प्राचार्य म्हणाले.

“सरांनी पोकळी ठेवलेली नाही, सर,” शिष्य म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. “माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन गेले. खो देऊन गेले. सर बसून गेले हो.”

प्राचार्यांना त्यातलं काही कळलं नाही. पण तो ज्या रीतीनं रडत होता ते बघून त्यांनी त्याला अडवलं नाही.

आपल्याकडे सभेला माणसं भरपूर येतात आणि खुर्च्या सोडणारी थोडी निघतात. जाणाऱ्याची थोरवी गाताना मागे उभ्या राहिलेल्या पोरीकडे बघायचं राहून जातं. असो.

सभा संपली. दारात शर्वरी उभी होती. नोकरीच्या गावाहून ती थेट आली होती, खांद्यावरची बॅगही उतरवलेली नव्हती.

“सर, त्या दिवसानंतर मी त्यांना फोन केला नाही,” ती शिष्याला म्हणाली. “रोज करीन म्हणत होते.”

तेही गेले आणि ती वेळही गेली, हे शिष्याला दिसत होतं आणि तिलाही. तो एवढंच म्हणाला, “सरावाची वेळ झालीय. मुली थांबल्या असतील.”

मैदानावर प्रतीक्षा उजव्या कडेला उभी होती. कुणीतरी चेंडू फेकला, तिनं धावत येऊन तो घेतला. शिष्यानं शिट्टी तोंडाला लावली आणि वळून पाहिलं. शर्वरी बाकापाशी गेली होती. तिच्या नेहमीच्या जागेवर कुणी नव्हतं. ती जागा ओलांडून ती पुढे गेली, टोकाला पाण्याच्या जारशेजारी बसली आणि पहिल्या दमून आलेल्या मुलीसाठी तिनं पेला भरून ठेवला.