पहिल्या ओंजळीचा वसा

ऐका जलदेवते, तुमची कहाणी. आटपाट नगरात एक तांबट राहत होता. घरी म्हातारी आई होती, बायको होती. बायकोचं नाव येसू. हातोडी दिवसभर चाले, पण चूल एकदाच पेटे. तरी सासूचा नेम चुकत नसे. विहिरीवर जाई, घागर ओढी, पहिली ओंजळ विहिरीला परत देई आणि म्हणे, “पावलं.” मग घागर उचली.

येसू हसे. म्हणे, “सासूबाई, विहिरीला का पाण्याची वाण आहे?”

सासू म्हणे, “विहिरीला नाही गं. वाण पडते ती माणसाच्या आठवणीला.”

पुढं सासू अंथरुणाला खिळली. सुनेला जवळ बोलावलं. म्हणाली, “मुली, देण्याजोगं डबोलं माझ्यापाशी नाही. वसा आहे, तो घे. पाणी प्यावं, पावलं म्हणावं. घास घ्यावा, पावलं म्हणावं. दिवा लावावा, पावलं म्हणावं. ज्याच्या हातून आलं, त्याचं नाव घ्यावं. दुःखात हा वसा कुणीही पाळील. सुखात सांभाळ.” इतकं बोलून तिनं डोळे मिटले.

येसूनं वसा घेतला. मग काय झालं? तांबटाच्या हाताला यश आलं. राजाच्या मुदपाकखान्याची भांडी त्याच्याकडे आली. माडीचं घर झालं, दारी गाय आली, मांडीवर मुलगा आला. पाणी भरायला बाई ठेवली. येसूचं विहिरीवर जाणं सुटलं. मग ओंजळ सुटली, मग शब्द सुटला.

तांबट म्हणाला, “अगं, आईचा नेम?”

येसू म्हणाली, “तुम्ही घाम गाळलात, मी घर राखलं. आपलं आपण मिळवलं. यात उपकार कुणाचे?”

उतली, मातली, घेतला वसा टाकला. देवीला राग आला. पण देवीनं काही नेलं नाही. भांडी तिथंच, गाय तिथंच, धान्य तिथंच. नेली ती तृप्ती. येसू पाणी पिई, तहान भागेना. जेवी, भूक जाईना. निजे, शीण उतरेना. पाणी भरणारीवर ओरडे, “अगं ए, कुठलं पाणी आणतेस? तोंडसुद्धा ओलं होत नाही!” ती बिचारी खाली मान घालून पुन्हा विहिरीवर जाई.

मग तेच लेकराला झालं. अंगावर पिई, पण पोट भरेना. रडून रडून आवाज बसला, कुडी वाळू लागली. वैद्य झाले, दाया झाल्या, नवस झाले. गुण येईना. येसूचा धीर सुटला. लेकराला छातीशी धरलं आणि सासूच्या विहिरीवर गेली.

काठावर एक म्हातारी बसली होती. म्हणाली, “बाई, का रडतेस?”

“आजी, घरात सगळं आहे आणि लेकरू उपाशी आहे.”

“सगळं आहे? कुणी दिलं?”

“आमचं आम्ही मिळवलं.”

“मग तहानही तुमचीच. ती दुसऱ्यानं का भागवावी?”

येसूला सासू आठवली. घागर ओढली, ओंजळ भरली, विहिरीत सोडली, म्हणाली, “पावलं.” पाणी प्यायली. घसा कोरडाच.

म्हातारी म्हणाली, “शब्द म्हटलास. कुणाला म्हटलास?”

येसूनं हात जोडले. “विहीर खणली त्यांचं नाव ठाऊक नाही, त्यांचं पावलं. दोर वळला गावच्या दामानं, त्याचं पावलं. घागर घडवली माझ्या घरधन्यानं, त्यांचं पावलं.”

“आणि रोज तुझ्या घरी पाणी कोण आणतं?”

येसूनं मान खाली घातली. नाव तिला ठाऊक नव्हतं. इतके दिवस बाई घरात वावरली, येसूनं कधी विचारलं नव्हतं. मान वर केली, तो म्हातारी दिसेनाशी झाली होती.

येसू धावत घरी आली. बाई घागर घेऊन दारात उभी होती. आज काय ऐकावं लागतं, या भयानं ती आत पाऊल टाकीना.

येसू म्हणाली, “बाई, तुझं नाव काय?”

तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. “मला विचारता?”

“तुलाच.”

“भिवरा.”

“भिवराबाई, तुझ्या खांद्यावर माझं घर जगलं, आणि मी तुला ‘अगं ए’ म्हणाले. चुकले.” येसूनं घागर आपल्या हातानं उतरवून घेतली. पहिली ओंजळ भिवराच्या ओंजळीत ओतली. म्हणाली, “तुझ्या हातचं पावलं.”

भिवरा प्यायली. तिचे डोळे भरले. मग येसू प्यायली, एकच ओंजळ. घसा निवला, जीव निवला. लेकराला जवळ घेतलं. ते पोटभर प्यायलं, सुस्कारा टाकला, आईचं बोट धरून निजलं.

त्या दिवसापासून येसूच्या घरी घास उचलण्याआधी रांधणारीचं नाव घेतात, दिवा लावण्याआधी तेल गाळणाऱ्याचं घेतात. नाव ठाऊक नसेल तर आधी विचारतात.

बायांनो, घेतलेलं विसरू नका, देणाऱ्याला बिननावाचा ठेवू नका. जलदेवते, येसूला जशी तृप्ती दिलीस, तशी तुम्हांआम्हां सर्वांना दे. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरीं सांगितली; सांगणारीला पावली, ऐकणारीला पावली.