शिरसकोटात दिवेलागणीला हातोडा का थांबतो

वेशीजवळची पाटी वाचलीत ना? बांधकामाची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पाटी नगरपालिकेने अलीकडे लावली. आमच्याकडे दिवेलागणीनंतर हातोडा उचलत नाहीत ते मात्र फार आधीपासून, आणि त्याचं कारण या वेशीखाली आहे.

हा तट उभा राहत होता तेव्हाची गोष्ट सांगतात. रखमाजी नावाचा पाथरवट वेशीखालच्या चोरवाटेत दगड घडवत होता. एका सकाळी चोरवाटेची कमान ढासळून खाली बसली आणि तो आतच राहिला. मुकादम सुभानजी माणूस वाईट नव्हता म्हणे, पण पावसाळ्याआधी तट पुरा करायचा हुकूम त्याच्या डोक्यावर होता. एवढ्या दगडांखाली कोण जगतंय, असं म्हणून तो हळहळला आणि त्याने माणसं वरच्या कामाला लावली.

रखमाजीची बायको तान्हाई भिंतीला कान लावून बसली. पाथरवटाच्या बायकोला नवऱ्याचा घाव दुरूनही ओळखू येतो. रखमाजी दोन घाव हलके घालायचा, तिसरा जोराचा.

"दादा, आतून ठोकतायत ते," ती सुभानजीला म्हणाली. "घटकाभर हातोडे थांबवा."

"वहिनी, आमचेच घाव घुमतायत. नवा तट घुमतोच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नवा तट घुमतो हे खरंच होतं, सगळ्यांनी ते जन्मभर ऐकलेलं होतं. ती एकेकाचा हात धरत फिरली. प्रत्येकाने हळूच हात सोडवून घेतला. मला विचाराल तर त्या 'हळूच'चाच राग येतो.

दिवेलागणीला काम सुटलं, हातोडे खाली ठेवले गेले. आणि त्या शांततेत सगळ्यांनाच ऐकू आलं. दोन हलके घाव, मग तिसरा. तिसऱ्यात आता जोर उरला नव्हता.

सगळे धावले. सर्वांत पुढे सुभानजी होता, असं सांगतात. दगड उपसता उपसता आतला आवाज थांबला. रखमाजी सापडला तेव्हा अंग अजून ऊन होतं, हातोडा मुठीत होता.

तान्हाई रडली नाही. "घटकाभरच मागितली होती, दादा," एवढंच म्हणाली.

सुभानजीने पुन्हा हत्यार धरलं नाही. दिवेलागणीला या गावातला प्रत्येक हातोडा थांबेल, अशी शपथ त्याने सगळ्या पाथरवटांना तिथेच घ्यायला लावली.

आजही इथला गवंडी, अगदी परगावाहून स्लॅब टाकायला आलेला मजूरसुद्धा, घरी निघण्याआधी भिंतीला कान लावून उभा राहतो. आत कुणी नाही हे त्यालाही ठाऊक असतं. तरी तो घटकाभर थांबतो. तान्हाईला तेवढंच हवं होतं.